आत्याकडच्या जुन्या गिन्या मीच विकत घेतोय: रास्त किंमत कशी काढायची?

गंगावेस
नमस्कार मंडळी. थोरल्या आत्याकडे इंग्रजी अमलातली सोन्याची नाणी आहेत, तिच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. घराचं छप्पर बदलायचंय म्हणून तिने ती मोडायला काढली. कोल्हापूरच्या गुजरीतल्या एका पेढीवर नेली तर त्यांनी सगळी एकदम तराजूत टाकली, बावीस कॅरेटच्या मोडीचा भाव सांगितला आणि वर घटही धरली. नाणी मुशीत जाणार हे ऐकून मला राहवेना. म्हटलं, मीच घेतो.

आता प्रश्न किमतीचा. आत्याला एक रुपया कमी मिळालेला मला चालणार नाही, आणि उगाच ऐकीव गोष्टींवर पैसे ओतण्याइतका मी श्रीमंतही नाही. नाणी अशी: 1872 चं राणीचं, मागे ढाल. 1887 चं, राणीच्या डोक्यावर इवलासा मुकुट. 1905 चं एडवर्डचं, याला कडी लावलेली आहे. पाचव्या जॉर्जची 1911, 1917 आणि 1918 ची, त्यात 1918 ची दोन. राणीची ढाल सोडली तर सगळ्यांच्या मागे घोडेस्वार आणि अजगर. इंटरनेटवर एकजण 1918 च्या नाण्याचे काही लाख सांगतो, दुसरा म्हणतो फक्त सोन्याचा भाव. खरं काय?

नाणेघाट
छान धागा. आधी एक विनंती: नाणी चिंच, लिंबू, टूथपेस्ट कशानेही घासू नका. घासलेलं नाणं संग्राहकाच्या नजरेला लांबूनच कळतं आणि त्याची जास्तीची किंमत तिथेच संपते.

आपल्या घरांत ज्याला सरसकट गिनी म्हणतात ते बहुतेक वेळा सॉव्हरिन असतं. तुमची सातही तीच दिसतात. खरी गिनी 1663 ते 1814 मधली. 1717 पासून तिची किंमत 21 शिलिंग ठरली. सॉव्हरिन 1817 पासून, 20 शिलिंगचं म्हणजे एक पौंडाचं. तेव्हापासून माप बदललेलं नाही: वजन 7.988 ग्रॅम, व्यास 22.05 मिलिमीटर, बावीस कॅरेट. त्यात शुद्ध सोनं 7.322 ग्रॅम. घोड्यावरचा सेंट जॉर्ज पिस्त्रुची नावाच्या इटालियन कारागिराने कोरला, आणि आजच्या नाण्यांवरही तोच आहे.

प्रत्येक नाण्याचं वजन वेगवेगळं करा, मिलिग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर. आणि भिंगातून टांकसाळीचं अक्षर शोधा. घोडेस्वाराच्या नाण्यावर ते घोड्याच्या पायाखालच्या जमिनीवर, सालाच्या मधोमध वर असतं. 1887 च्या आधीच्या राणीच्या घोडेस्वारावर मात्र ते पुढच्या बाजूला, गळ्याच्या खाली. ढालीच्या नाण्यावर ढालीखाली. एस म्हणजे सिडनी, एम मेलबर्न, पी पर्थ, सी ओटावा, एस-ए प्रिटोरिया, आय म्हणजे आपली मुंबई. अक्षरच नसेल तर लंडन.

अनुस्वार
वाचतोय. आमच्याकडे पण दोन आहेत, आईच्या कुलपात.

सराफकट्टा
आमची तिसरी पिढी या धंद्यात आहे म्हणून दुसरी बाजू मांडतो. मोड घेणारा सराफ नाणं घेत नाही, धातू घेतो. तो ते आटवणार आणि त्याचं वळं करणार. त्याच्याकडे 1887 आणि 1911 वेगळं ठेवणारं गिऱ्हाईक नाही. त्यामुळे त्याने एकत्र वजन केलं यात लबाडी नाही. घट मात्र विचारून घ्यावी. सॉव्हरिनचा टंच, म्हणजे सोन्याचा कस, ठरलेला आहे, मशीनवर 91.6 आला की त्यातून आणखी कापायला कारण राहत नाही.

हिशेब सोपा आहे. त्या दिवशीचा चोवीस कॅरेटचा दहा ग्रॅमचा भाव घ्या आणि 0.732 ने गुणा. समजा भाव 1,00,000 धरला, तर पुऱ्या वजनाच्या एका नाण्यात सुमारे 73,200 रुपयांचं सोनं झालं. (जुन्या मापात अख्ख्या नाण्याचं वजन साधारण आठ मासे दोन गुंजा.) ही रक्कम तुमचा पाया. याच्या खाली आत्यांनी कोणालाही देऊ नये, भाच्यालासुद्धा!

गंगावेस
भाचा मान्य करतो. हा आकडा फार उपयोगाचा आहे. वजनं शनिवारी करून टाकतो.

टेम्सकाठची_वैदेही
लंडनहून लिहितेय. इथे सॉव्हरिन भाजीपाल्यासारखी विकत मिळतात म्हटलं तरी चालेल. व्यापाऱ्यांच्या पाट्यांवर तीन-चार रांगा असतात: व्हिक्टोरिया तरुण चेहरा, ज्युबिली (इवल्या मुकुटाचा), वृद्ध चेहरा, एडवर्ड, जॉर्ज. साधं साल असेल तर सोन्याच्या किमतीवर थोडे टक्केच चढतात, आणि आपण विकायला गेलो की तेही बरेचदा मिळत नाहीत. ढालीच्या नाण्याला घोडेस्वारापेक्षा जरा जास्त मागणी.

इथे लोक सॉव्हरिन जमवतात त्यामागे एक साधं कारण आहे. 1837 पासूनची सॉव्हरिन ब्रिटनमध्ये अजूनही कायदेशीर चलन आहेत, म्हणून त्यांच्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. हा फायदा इथल्या करदात्याचा. तो इथल्या किमतीत मिसळलेला असतो, त्यामुळे लंडनची किंमत जशीच्या तशी कोल्हापुरात लावू नका.

आणि लिलावाचे आकडे वाचताना हातोडीची किंमत, म्हणजे शेवटची बोली, वेगळी, घेणाऱ्याने वर भरलेलं कमिशन वेगळं. ते पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त असतं. विकणाऱ्याच्या हातात येतं ते हातोडीच्या किमतीतून त्याचं कमिशन वजा करून.

जुनं_ते_सोनं
माझं मत वेगळं आहे. शंभर वर्षांची वस्तू म्हणजे नुसतं सोनं कसं? दुर्मीळता धरायलाच हवी. मी आत्यांच्या जागी असतो तर धातूच्या दुप्पट खाली बोललोच नसतो.

नाणेघाट
@जुनं_ते_सोनं, वय आणि दुर्मीळता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सॉव्हरिन कोट्यवधींच्या संख्येने पाडली गेली, साऱ्या जगात फिरली आणि बँकांच्या तिजोऱ्यांत पडून राहिली. 1911 चं नाणं शंभरी ओलांडलेलं आहे आणि तरीही मुबलक आहे. उलट 1819 सालची जेमतेम साडेतीन हजार पाडली, त्यातली फारच थोडी उरली. 1841 चं लंडनचंही असंच अवघड. तिथे धातूचा हिशेब मागे पडतो. साल, टांकसाळ आणि नाण्याची झीज, या तिन्हींचं एकत्र उत्तर मिळाल्याशिवाय "दुप्पट" म्हणण्याला आधार नाही.

जुनं_ते_सोनं
ठीक, पण मुंबईच्या 1918 चं काय? ते एकाच वर्षी निघालं ना?

नाणेघाट
हो, आणि या धाग्यातला माझा सगळ्यात आवडता भाग हाच. पहिल्या महायुद्धात समुद्रमार्गे सोनं पाठवणं धोक्याचं झालं. इकडे हिंदुस्थानात चांदीची टंचाई होती आणि सरकारला नाणी हवी होती. म्हणून ब्रिटनच्या सरकारी टांकसाळीची, रॉयल मिंटची, शाखा मुंबईच्या टांकसाळीत उघडायचं ठरलं. ती सुरू होईपर्यंत टांकसाळीने 15 रुपयांची सोन्याची मोहर काढली, वजन आणि कस अगदी सॉव्हरिनचाच, कारण 1899 पासून सॉव्हरिन इथे 15 रुपयांना कायदेशीर चलन होतं. मग ऑगस्ट 1918 मध्ये शाखा सुरू झाली आणि आय अक्षराची सॉव्हरिन बाहेर पडली, सुमारे 13 लाख. 1919 च्या एप्रिलमध्ये शाखा बंदही झाली.

म्हणजे घटना एकमेव, पण नाणी 13 लाख. म्हणून किंमत धातूच्या थोडी वर, लाखांच्या पटीत नाही. जाहिरातीत कोणीही कितीही मागू शकतो. कोणी किती दिले ते बघा. त्या 15 रुपयांच्या मोहरेला मात्र संग्राहक सॉव्हरिनपेक्षा बरंच जास्त मोजतात. कुणाच्या घरात असली तर आटवू नका, कळकळीने सांगतो.

मेलबर्नकर
पुढचा अध्याय मी जोडतो. 2013 पासून दिल्लीजवळ एमएमटीसी-पॅम्प या कंपनीच्या कारखान्यात रॉयल मिंटच्या परवान्याने पुन्हा आय अक्षराची सॉव्हरिन पाडली गेली. त्यावर दुसरी एलिझाबेथ आहे. "आय म्हणजे दुर्मीळ" एवढंच ऐकून कोणी ती जुनी म्हणून गळ्यात मारू नये.

आमच्याकडच्या सिडनीच्या जुन्या नाण्यांचीही गंमत आहे. 1855 ते 1870 मधल्या सॉव्हरिनवर घोडेस्वारही नाही आणि ढालही नाही, चक्क "ऑस्ट्रेलिया" लिहिलेलं आहे. त्यात तांब्याऐवजी चांदीचं मिश्रण असे, म्हणून ती पिवळसर दिसतात. लंडनची नाणी तांब्यामुळे लालसर. रंगावरून घाईने खोटं ठरवू नका.

इंद्रायणी_काठ
माझ्या आजीच्या गळ्यात गिनीची माळ होती, मधोमध राणी. तिला किंमत विचारली असती तर तिने आम्हाला घराबाहेर काढलं असतं :) ज्यांना घालायची हौस आहे त्यांनी जरूर घालावी. दागिना म्हणून त्याला वेगळी शोभा आहे.

सराफकट्टा
@इंद्रायणी_काठ ताई, घालाच. फक्त ज्यांच्याकडे आज कोरं नाणं आहे त्यांनी त्याला झाळ (डाख) देऊन कडी लावू नये. नाण्याभोवती चौकट करून बसवता येतं, वरचे दाते धरून ठेवतात, नाण्याला आग लागत नाही. झाळलेलं नाणं मग कायमचं धातूच्या भावाचं होतं. गंगावेस, तुमच्या 1905 ला हाच नियम. आणि त्याचं वजन करताना कडीचं वजन बावीस कॅरेटचं धरू नका, झाळेत हलका कस असतो.

चौल_रेवदंडा
थोडं अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1922 च्या मे महिन्यात लंडनहून मुंबईला निघालेली 'इजिप्त' ही पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीची बोट फ्रान्सच्या टोकाजवळ दाट धुक्यात दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन बुडाली. तिच्या पोटात सोन्याच्या विटा, चांदी आणि सुमारे 1 लाख 65 हजार सॉव्हरिन होती. चारशे फुटांच्या आसपास पाणी. इटलीच्या 'आर्तिल्यो' जहाजावरच्या पाणबुड्यांनी वर्षानुवर्षं शोध घेतला आणि 1932 मध्ये सोनं वर काढायला सुरुवात केली. त्यात त्यांचं पहिलं जहाज आणि त्यावरची बरीचशी माणसं दुसऱ्या एका बुडालेल्या बोटीच्या स्फोटात गेली होती, तरी दुसरं जहाज घेऊन काम पुढे नेलं. सॉव्हरिन आपल्या देशात किती ओघाने येत होती, ते यावरून कळावं.

अनुस्वार
बापरे. यावर स्वतंत्र धागा काढा ना.

गंगावेस
वजनं झाली. ओळखीच्या एका पेढीवर मशीनमध्ये टंचही पाहिला.

1872: 7.93 ग्रॅम, ढालीखाली अक्षर नाही, पण बारीक आकडा आहे, 40 सारखा दिसतो. 1887: 7.97, अक्षर नाही. 1905: कडीसकट 8.41, जमिनीवर एम. 1911: 7.98, पी. 1918 ची दोन्ही 7.98, दोन्हींवर आय आहे! 1917: 7.99, अक्षर कुठेच दिसत नाही. टंच सगळ्यांचा 91.6 च्या अल्याड-पल्याड.

1872 हलकं का? झीज की काही गडबड?

नाणेघाट
1872 ची झीज आहे. 1870 च्या कायद्याने सॉव्हरिन 122.5 ग्रेन, म्हणजे 7.94 ग्रॅमच्या खाली गेलं की ते चलनातून बाद होत असे. तुमचं अगदी त्या काठावरून घसरलेलं, म्हणजे हातोहाती फिरलेलं प्रामाणिक नाणं आहे. तो आकडा साच्याचा क्रमांक. लंडनच्या ढालीच्या नाण्यांवर 1863 ते 1874 मध्ये असे क्रमांक येत. काही संग्राहक क्रमांकवार जमवतात, त्यामुळे झीज असूनही त्याला थोडी जास्त किंमत द्यायला हरकत नाही.

पण 1917 वर थांबा. अक्षर नाही म्हणजे लंडन, आणि लंडनचं 1917 हे या मालिकेतलं नावाजलेलं दुर्मीळ नाणं आहे. त्या वर्षी तिथे दहा लाखांवर पाडली, पण आज मूठभरच दिसतात. आणि म्हणूनच खोट्यांचा सगळ्यात जास्त भर याच सालावर आहे.

जुनं_ते_सोनं
टंच 91.6, वजन 7.99. आता खोटं कसं असेल? सोनं तर खरंच आहे!

टेम्सकाठची_वैदेही
सोनं खरं असूनही नाणं खोटं असू शकतं. दुसऱ्या महायुद्धानंतर सॉव्हरिनला सोन्याच्या भावापेक्षा बरीच जास्त किंमत मिळत होती, आणि लंडनमध्ये नवी पाडणं जवळजवळ बंद होतं. त्या फरकावर इटलीत आणि बैरुतमध्ये कारखानेच चालले. पुरं वजन, पुरा कस, फक्त छाप स्वतःची. ब्रिटिश सरकारने 1957 मध्ये पुन्हा सॉव्हरिन पाडायला घेतली त्यामागे हे मोठं कारण होतं. त्या नकली मालातली कित्येक नाणी आज दागिन्यांत आणि तिजोऱ्यांत आहेत.

नाणेघाट
@वैदेही ताई, अनुमोदन. दोन शक्यता तपासा. एक, मूळ नाणं सिडनी, मेलबर्न, पर्थ किंवा ओटावाचं आणि त्याचं अक्षर कोणी खरवडून काढलं. तसं असेल तर सालाच्या वरच्या जमिनीच्या पट्टीवर भिंगातून ओरखडे किंवा खोलगटपणा दिसेल. दुसरं, पूर्ण नाणंच नकली. मग अक्षरांच्या कडा गोलसर, सपाट भागावर बारीक पुळ्या, घोड्याची आयाळ आणि अजगराचे पंख फुगीर, पुसट. कडेच्या दातऱ्याही एकसारख्या नसतात. शेजारी तुमचंच 1911 ठेवा आणि दोन्ही एका उजेडात बघा. तुमच्याकडे तुलनेला खरं नाणं आहे, हा मोठा फायदा.

गंगावेस
पाहिलं. ओरखडे नाहीत. पण 1911 च्या तलवारीची धार जितकी रेखीव आहे तितकी 1917 ची नाही, आणि राजाच्या मानेजवळच्या मोकळ्या जागेत दोन-तीन बारीक टिंबं वर आलेली आहेत. झिजलेलं मात्र ते अजिबात नाही. वाईट वाटलं, पण संशय येतोय.

सराफकट्टा
झीज नाही आणि तरी नक्षी बोथट, हे मला पटत नाही. झिजलं तर उंच भाग आधी सपाट होतो, अक्षरांचे कोपरे नंतर. तुम्ही सांगताय ते साच्यातूनच बोथट आल्यासारखं आहे.

मेलबर्नकर
परदेशात प्रमाणपत्रासाठी पाठवा. बंद डबीत घालून दर्जा लिहून देतात, सगळा प्रश्न मिटेल.

सातारकर_वकील
थांबा! 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेषात मोडतं. खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही, कुरियरनेही नाही आणि खिशात घालूनही नाही. तुमची सातही शंभरीपार आहेत. वैदेही ताई सुट्टीत आल्या तरी त्यांच्याबरोबर देऊ नका.

घरच्या घरी आत्याकडून भाच्याने घेणं हा धंदा नव्हे. पुरावशेषांच्या विक्रीचा धंदा करायला मात्र परवाना लागतो. पैसे बँकेतून द्या, 2 लाख किंवा त्यावर रोख घेता येत नाही. आत्यांना वारशाने मिळालेलं सोनं असल्याने नफा दीर्घकालीन धरला जाईल, आणि खरेदीची किंमत म्हणून 1 एप्रिल 2001 ची बाजारकिंमत लावता येते. त्या तारखेचा मूल्यांकनाचा दाखला करून घ्या, त्यात त्यांचा कर वाचेल. कोणाला शेतात किंवा जुन्या भिंतीत नाणी सापडली असतील तर ती गोष्ट वेगळी, तिथे 1878 चा निखात निधी कायदा लागतो आणि कलेक्टरला कळवावं लागतं.

नाणेघाट
वकीलसाहेबांनी वेळेवर सांगितलं. 1917 मुंबईत दाखवा. नाण्यांचे लिलाव करणारी जुनी घराणी तिथे आहेत, टोडीवाला आणि ओसवाल ही नावं आपल्याकडच्या संग्राहकांना माहीत असतात. शिवाय नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथलं संग्रहालय तर प्रत्येकाने एकदा पाहावंच. फोर्टात रिझर्व्ह बँकेचं संग्रहालयही आहे, खऱ्या नाण्याकडे बघून नजर तयार होते.

इंद्रायणी_काठ
पण तोवर आत्यांचं छप्पर? पावसाळा कुणासाठी थांबत नाही.

गंगावेस
@इंद्रायणी_काठ, तेच काल आत्याकडे बसून ठरवलं. सातही नाण्यांचं शुद्ध सोनं त्या दिवशीच्या भावाने मोजायचं, घट शून्य. 1872 आणि आयची दोन, यांना त्यावर पाच टक्के. 1887 आणि 1911 सरळ धातूचा भाव. 1905 ची कडी सराफकट्टांनी सांगितलं तसं वेगळी तपासून. 1917 साठी आत्ता धातूचा भाव, आणि साध्या कागदावर लिहून दिलंय की मुंबईच्या तज्ज्ञांनी ते लंडनचं खरं ठरवलं तर वरची सगळी रक्कम आत्याची. ती म्हणत होती कागद कशाला. मी म्हटलं, उद्या माझी मुलं आणि तुझी मुलं समोरासमोर बसतील तेव्हा कागदच बोलेल. पैसे बँकेतून गेले, पत्र्याची ऑर्डरही दिली.

सराफकट्टा
पेढीवर असा व्यवहार क्वचितच बघायला मिळतो. मनापासून सांगतो, दोन्ही बाजूंनी चोख.

जुनं_ते_सोनं
पाच टक्के मला अजूनही कमी वाटतात, विशेषतः आयसाठी. पण कागदाची कल्पना मी उचलणार आहे, आमच्याकडे चार भावांत वाटणी व्हायची आहे.

अनुस्वार
आईच्या कुलपातली दोन आज बाहेर काढली. अगदी लहान आहेत, 1.93 सेंटिमीटर, वजन 3.99. ही कसली?

नाणेघाट
अर्धी सॉव्हरिन. व्यास 19.30 मिलिमीटर, वजन 3.994 ग्रॅम, दोन्ही जुळतंय. भावाला 0.366 ने गुणा. साल आणि अक्षर काय आहे ते लिहा, आणि पुसायला घेतली असतील तर फडकं खाली ठेवा.